संध्याकाळ धरली

२८ जून, बुध.

ऑफिसात दुपारभर कार्यशाळा. अहमदाबादहून एक टाय आला होता, आत एक मुलगा होता. विषय : फावला वेळ आणि आपली मूल्यं. कागदाच्या एका बाजूला लिहा, आयुष्यात तुम्हाला मोलाचं काय वाटतं. पाठीमागे लिहा, मागचा रविवार कसा गेला.

पुढची बाजू झकास झाली. वाचन, स्वतंत्र विचार, खरं बोलणं, एकांत. वाचून मला माझ्याविषयी आदर वाटला. पाठची बाजू : फ्रिज पुसला. नवऱ्याची, म्हणजे अ.ची, आत्या आली. अ.ची आत्या बसली. मराठी मंडळाच्या मासिकाचा लेख (लोक वेळ कसा वाया घालवतात, यावर) घाईत उरकला, कारण वेळ नव्हता. अलकापुरीच्या सेलमधून एक चादर, जी नको होती.

मुलाने कागद उलटा केला, सुलटा केला. "मॅडम, गॅप छे."

म्हटलं, गॅप कसली, एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. तो हसला नाही. त्याच्या स्लाइडमध्ये तिथे हसायचं नव्हतं.

२ जुलै, रवि. कांदेनवमी

घरभर तळणीचा वास. परवापासून चार महिने कांदा-लसूण बंद, म्हणून आज भजी, कांद्याची भाजी, कांद्याचीच कोशिंबीर. मांजलपूरच्या आमच्या गुजराती सोसायटीत हा सण एकट्या आमच्या घरी. खालच्या कोकिळाबेनना अजून वाटतं, आज आमच्याकडे कुणाचा तरी वाढदिवस असतो.

सासूबाईंचा (सा.बां.चा) दरवर्षीचा प्रश्न : "मीना, यंदा चातुर्मासात काय धरणार?" त्यांचं स्वतःचं ठरलेलं. कांदा, लसूण, वांगं, आणि यंदा पडवळही. पडवळ त्यांना जन्मात आवडलेलं नाही. अ. दरवर्षी चिडणं सोडतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतं. माझं उत्तर दरवर्षी "काही नाही, आई," आणि त्यावर त्यांचं "बरं." त्या 'बरं'मध्ये माझं माहेर येतं, शिक्षण येतं, मासिकात लिहिणं येतं.

आज काय झालं कोण जाणे. म्हटलं, "संध्याकाळ धरते."

"म्हणजे?"

"ऑफिसातून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत निखिलच्या खोलीत बसणार. दार लावून. कुणाशी बोलणार नाही, कुणाचं काही करणार नाही."

अ.ला भजं तोंडात असताना हसू आलं. सा.बां.ना नाही. त्यांनी पदराला हात पुसले. "दिवेलागणीला उठायचं. कार्तिकी द्वादशीला सोडायचं. मध्ये मोडायचं नाही." पंचांगात छापलेलं वाचून दाखवावं तसं.

नोंद असावी म्हणून : माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. व्रतवैकल्यांवर मी इतकं खवचट लिहिलंय की मंडळातल्या दोन बायका माझ्याकडचं हळदीकुंकू टाळतात.

४ जुलै, मंगळ. एकादशी

पहिला दिवस. स्कूटर लावली, हातपाय धुतले, आत गेले, वरची कडी लावली. आमचा निखिल पुण्याला नोकरीला लागल्यापासून खोली इस्त्रीच्या कपड्यांची झाली आहे. ढीग बाजूला केला. खुर्चीत बसले. मूल्यांची वाट पाहिली.

झोप लागली.

दिवेलागणीला दारावर टकटक. "झालं का?" "झालं." "कसं झालं?" "छान."

पहिल्याच दिवशी 'खरं बोलणं' गेलं. तीन उरली.

७ जुलै, शुक्र.

आत्याचा फोन, बरोबर सहाला. दाराआडून सा.बां.चा आवाज ऐकला. कोर्टात पुकारा करतात तसा. "मीना नेमात आहे... नाही, येता येणार नाही... हो, कडकच आहे."

फोन बंद. आत्या गप्प. आत्या!

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दमलेय सांगून पाहिलं. लिहायचंय सांगून पाहिलं. ताप आहे सांगितलं तर लोक ताप बघायला आले. मला माझा वेळ हवाय, असं एकदा सरळ सांगितलं, तर अ.ने काळजीने विचारलं, "कुणी काही बोललं का तुला?" आणि आता एक शब्द, आणि अख्खं खानदान दाराबाहेर चपला सोडून उभं.

लेखाला विषय चांगला आहे. पण लिहिला तर छापून येईल, आणि छापून आला तर संध्याकाळ जाईल. ठेवून दिला.

१५ जुलै, शनि.

प्रत्यक्षात आत काय करते, हे इथे तरी लिहावं.

तीन वर्षांपूर्वी घेतलेली जाडी कादंबरी : चार पानं. फोन चाळणं : लाज वाटेल इतकं. मग फोन बाहेरच ठेवायला लागले. तर आता खिडकी. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक गृहस्थ बायकोला स्कूटर शिकवतात. ती चालवते, हे कॅरिअर धरून मागे धावतात. बाईंना दुसऱ्याच दिवशी येत होतं. हे धरून आहेत म्हणून त्या हळू चालवतात, ते धावत दमू नयेत म्हणून. तीन संध्याकाळी पाहिलं. कुठल्या मूल्यात घालावं कळेना. तूर्त 'स्वतंत्र विचार'.

सात वाजून गेले तरी उजेड असतो. भरपूर मिळते संध्याकाळ.

२४ जुलै, सोम. श्रावण लागला

कोकिळाबेन वर आल्या. हातात खमण, चेहऱ्यावर चौकशी. मी आत होते, पण दार पातळ आहे.

"बा, मीनाबेन आ कयुं व्रत करे छे?"

"सांजनुं." सा.बां.ची गुजराती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. साठ वर्षं याच गावात भाजी घेतली आहे.

"एमां शुं खवाय?"

"खाण्याचं काही नाही. दार बंद. बोलवानुं नहीं. काम नहीं करवानुं. दिवेलागणीला उठायचं."

मग कोकिळाबेन, आवाज उतरवून : "काम नहीं करवानुं?"

"बिलकुल नहीं."

"अने चा?"

"चहा चालतो. दुसऱ्याने केलेला."

हे शेवटचं सा.बां.नी पदरचं घातलं. माझ्या नेमात चहा नव्हताच. दुसऱ्या दिवसापासून मात्र सव्वासहाला दारात कप असतो. अ. करतो. साखर जास्त घालतो, पण नेमात बोलायचं नसतं.

९ ऑगस्ट, बुध.

महेशभाई, कोकिळाबेनचे मिस्टर, हातात झारा घेऊन दारात. बायको खालच्या बेडरूममध्ये, दार बंद, 'महाराष्ट्रियन व्रत' चालू. तेल किती तापू द्यायचं, हे विचारायला आले होते. सा.बां.नी सांगितलं. जाता जाता थांबले.

"बा, आनुं फळ शुं मळे?"

सा.बा. विचारात पडल्या. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक व्रताचं फळ तयार असतं. मुलगा, सौभाग्य, गुडघे. म्हणाल्या, "घरमां झगडो न थाय."

महेशभाईंनी झाऱ्याकडे पाहिलं. "ए वात साची छे," म्हणाले, आणि गेले.

१३ ऑगस्ट, रवि.

आता हे थांबवायला हवं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींनी सुरू केलंय. एकीने ऑफिसला जाताना गाठलं, व्रताची कहाणी लिहून मागितली. "तमे तो लेखिका छो." व्रतांची टिंगल करून लेखिका झाले, तर आता एका खोट्या व्रताची पोथी लिहायची. 'खरं बोलणं' कागदावर लिहून सात आठवडे झाले नाहीत.

सकाळी अ.ला म्हटलं, कोकिळाबेनना सांगून टाकते. तो म्हणाला, "काय सांगणार?" हेच की असं व्रत नाही. "मग तू आत काय करतेस?" काही नाही. "मग त्यासुद्धा तेच करतात. खोटं काय आहे त्यात?" अ. विमा विकतो. त्याला नाकारलं की तो जास्त समजावतो.

संध्याकाळी मुद्दाम नेम पाच मिनिटं पुढे ढकलून खाली गेले. महेशभाईंनी दार अर्धंच उघडलं. ओठांवर बोट. "व्रतमां बेठी छे." मागे सिंकजवळ त्यांचे वडील भेंडी पुसत होते, एकेक, चष्मा लावून.

परत वर आले. खरं बोलायला गेले होते, घेणारं माणूस आत कडी लावून बसलं होतं. कहाणी मात्र लिहून देणार नाही.

२७ ऑगस्ट, रवि. गणपती

मंडळाचे सेक्रेटरी आले. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी माझं नाटुकलं असतं. "यंदा व्रतांवर करा ना वहिनी. ते फॅड निघालंय म्हणे तुमच्या सोसायटीत. बायका दार लावून बसतात आणि नवरे भाकऱ्या थापतात. तुमच्या हातात आलं तर काय धमाल येईल."

सा.बा. खुर्चीतून माझ्याकडे बघत होत्या. बसल्या जागेवरून त्यांना दार दिसतं, टीव्ही दिसतो, स्वैपाकघर दिसतं. कोण आलं, गेलं, कुठलं पार्सल आलं, सगळं त्याच खुर्चीत.

म्हटलं, व्रतांवर फार लिहून झालं. टाय घातलेल्या एका मुलावर लिहिते.

५ सप्टें., मंगळ. विसर्जन

लिहिलं. नेमाच्या वेळात बसून, चार संध्याकाळी. लोक हसले. मी पाचव्या रांगेतून पाहिलं तर मलाही हसू आलं, पण ते पुढची बाजू वाचून वाटलेल्या आदरासारखं होतं.

१२ सप्टें., मंगळ.

मामंजींचं श्राद्ध. रजा घेतली. गुरुजी जेवून गेले, अ. त्यांना सोडायला गेला. मी ओटा आवरत होते. आमचे देव ओट्यावरच्या फळीवर, मिक्सरच्या शेजारी. सा.बां.ची पूजा उभ्याने, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही, आणि बसता आलं तरी पाट मांडायचा कुठे?

सहज म्हटलं, "घडियाळी पोळातल्या, त्या जुन्या गल्लीतल्या घरी तुम्ही दोन-दोन तास पूजा करायचात ना? हे सांगतात."

"त्या देवघराला दार होतं."

"दोन तास म्हणजे किती देव होते?"

"इतकेच. पूजा दहा मिनिटांचीच. तेव्हाही."

हातातली कढई तशीच राहिली. "मग?"

"मग काय? बसायचे." पदर सारखा केला. "बाई सोवळ्यात असली की तिला कुणी हाक मारत नाही. तुझे सासरेसुद्धा नाही मारायचे. बाहेर पोरं रडोत, पाहुणे येवोत. मध्येमध्ये घंटा वाजवायची, म्हणजे झालं."

"काय करायचात आत?"

"तू काय करतेस?"

सांगून टाकलं. कादंबरी, झोप, मग स्कूटरवाली बाई, तिच्या मागे धावणारा नवरा. पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं.

नीट ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आमच्या देवघराला खिडकी नव्हती."

अ. आला. विषय संपला. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं तर.

१३ सप्टें., बुध.

आत बसले होते. वाचनात लक्ष नाही. पोळातलं घर विकताना कोण कोण काय बोललं, ते आठवून पाहिलं. अ. म्हणाला, पार्किंग नाही. मी म्हणाले, उजेड नाही. अ.चे मोठे भाऊ म्हणाले, भाव चांगला आहे. सा.बां.नी एकच विचारलं होतं, नव्या फ्लॅटात देवघर कुठे येईल. बिल्डरने फळी दाखवली. मार्बलची होती. आम्ही सगळे छान म्हणालो होतो.

२४ सप्टें., रवि. नवरात्र

दिवेलागण साडेसहाच्या आत यायला लागली. जुलैपेक्षा तासभर कमी. नेम सूर्यावर बांधला तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं.

सोसायटीत आता पाच घरं. सहाच्या सुमाराला पार्किंगमध्ये पुरुष भाजीच्या पिशव्या घेऊन एकमेकांना ओलांडतात, बोलत नाहीत. बायका दिवेलागणीला उठतात, मग नटूनथटून गरब्याला. कोकिळाबेन पायऱ्यांवर भेटल्या. डोळे झोपून उठल्यासारखे. "बहु सारुं व्रत छे, मीनाबेन. आवता वरसे पण करशुं." मी "हो" म्हटलं. मला त्यांना जे सांगायचं होतं, ते सांगण्यासारखं राहिलेलं नाही.

पाण्याला म्हणून मध्येच दार उघडलं. हॉलमध्ये टीव्ही बंद होता. सा.बा. डोळे मिटून खुर्चीत. बेल. दूधवाला. उठल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बसल्या, डोळे मिटले. बेल. इस्त्रीवाला. उठल्या. फोन. "नेमात आहे ती."

पाणी न घेताच दार लावलं.

१७ ऑक्टो., मंगळ.

निखिल दिवाळीला आला. खोली त्याची. बॅगा, चार्जर, मोजे. नेमाचं काय, तर सा.बां.नी आधीच ठरवलेलं : पाच ते दिवेलागण नातू हॉलमध्ये.

निखिल : "आजी, माझीच खोली?"

"तुझीच आहे. तिचा नेम आहे."

त्याने मला बाजूला घेतलं. "आई, हे म्हणजे सेल्फ केअर ना? माझ्या ऑफिसात यासाठी अ‍ॅप आहे."

"नाही रे. आषाढी ते कार्तिकी."

बिचारा तासभर आजीशेजारी बसला. आत मला ऐकू येत होतं. आजीने त्याला पोळातल्या घराची सगळी दारं सांगितली. कुठलं कसं करकरायचं.

२४ ऑक्टो., मंगळ.

निखिल गेला. प्लॉटवरची बाई आता एकटीच स्कूटर चालवते. कडेला नवरा उभा, हात पाठीमागे बांधून. काय करावं त्याला सुचत नसावं. वाईट वाटलं, थोडं. कादंबरी संपली. विशेष नव्हती. पण संपली.

२६ ऑक्टो., गुरु.

सा.बा. : "द्वादशी बुधवारी. दान काय देणार?"

विसरलेच होते. धरलेलं सोडताना ते कुणाला तरी द्यायचं असतं. वांगं सोडलं तर वांगी द्यायची. मौन धरलं तर घंटा. पडवळ कुणाला देणार, विचारलं, तर म्हणाल्या, तुझ्या आतेसासूला.

"संध्याकाळ कशी देणार, आई?"

"ते धरण्याआधी बघायचं."

मी म्हटलं, पंचांगात सोय नसेल तर तशीच सोडते. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. हे 'बरं' नेहमीचं नव्हतं.

२८ ऑक्टो., शनि.

गिऱ्हाइकं यायला लागली. अ.ने बूट आणले. दोन जोड. "एकतीसला संपतंय ना? एक तारखेपासून आपण दोघं चालायला. डॉक्टरने मला सांगितलंय, तुलाही चांगलं." त्याने तीन महिने चहा केला. बूट मापाचे आहेत. नाही कसं म्हणणार?

मंडळाचे सेक्रेटरी, फोनवर : "वहिनी, तुमची संध्याकाळ आता मोकळी होणार म्हणे. वाचनालयाच्या उपसमितीत तुमचं नाव घातलंय." आत्या : "सुटलीस एकदाची. बुधवारी येते."

चार महिन्यांपूर्वी माझ्या संध्याकाळला कुणी विचारत नव्हतं, कारण ती आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आता ती सगळ्यांना दिसते. रिकाम्या प्लॉटसारखी.

नेम पुढे चालू ठेवावा? माघस्नान, अधिक महिना, काहीतरी सापडेल. एकदा खोटं बोलून मिळालं, पुन्हा बोलता येईल. पण का कोण जाणे, आता खोटं बोलून नको. सरळ मागावं, तर सरळ मागितल्यावर काय होतं ते लिहूनच ठेवलंय मागे.

३१ ऑक्टो., मंगळ. एकादशी

शेवटची संध्याकाळ. जेमतेम अर्धा तास. खुर्ची खिडकीशी ओढली. काही वाचलं नाही, काही पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल. टायवाल्याच्या कागदाची पुढची बाजू आठवून पाहिली. चारांतला एकांत तेवढा जागेवर होता. पण तो माझ्या एकटीच्या हस्ताक्षरातला वाटेना. सारखं दाराबाहेर लक्ष. बेल वाजली की गुडघ्यांवर हात टेकल्याचा आवाज ऐकू येतो का, ते बघत होते. येत नाही. पण बेल वाजायची थांबते.

१ नोव्हें., बुध. द्वादशी

ऑफिसला उशीर, पण सकाळीच उरकून घेतलं. देवापुढे विडा, नारळ. सा.बां.नी विचारलं, "कुणाला?"

"तुम्हाला."

"काय?"

"संध्याकाळ. निखिलच्या खोलीतली. बेल मी बघीन, फोन मी घेईन."

"घरातल्या माणसाला दान देत नाहीत." चटकन, शास्त्र सांगावं तशा बोलल्या. फळीवरच्या देवांचं निर्माल्य काढलं. कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक केला त्यांनी. मी चपला घातल्या.

"मीना."

"हं."

"त्या खोलीची कडी वरच आहे का?"

"वरच आहे."

"माझा हात पुरत नाही तिथे."

अ. पेपर वाचत होता. त्याला म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर काढ. "कशाला?" कडी खाली घ्यायची आहे. "आज? संपला ना नेम?" माझा संपला. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विमा विकणाऱ्या माणसाला कधीतरी न समजावता गप्प बसता येतं, हे मला आज कळलं. उठला.

संध्याकाळी आले तर हॉलमधली खुर्ची जागेवर नव्हती. खोलीचं दार बंद. पातळ दारातून नव्या कडीच्या स्क्रूंची टोकं बाहेर आलेली, जुन्या भोकांच्या हातभर खाली, किंचित तिरकी.

आत्या आली, बसली. "वहिनी कुठे?" "नेमात आहेत." "कोणत्या?" "कडक आहे." आत्या अर्ध्या तासात गेली. पडवळ न्यायला विसरली.

कोकिळाबेन. "बा क्यां छे?"

"व्रतमां."

"पण चातुर्मास तो पूरा थया ने?"

"हो. पूरा थया."

बंद दाराकडे बघत उभ्या राहिल्या थोडा वेळ. मग खाली गेल्या. जाताना जरा भरभर उतरल्यासारख्या वाटल्या. खाली त्यांचं दार लागल्याचा आवाज आला.

अ. नवे बूट घालून सोफ्याच्या कडेला बसलाय. माझा जोड त्याच्या पायाशी. म्हणाला, "येतेस ना?" म्हटलं, बेल कोण बघणार? म्हणाला, "मग मी बघतो, तू जाऊन ये." म्हटलं, एकटी? म्हणाला, "तू ठरव." पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदा. काय ठरवावं, ते सुचेना. ओट्याशी उभी राहून हे लिहितेय.

दिवेलागण कधीच होऊन गेली. फळीवरचा दिवा मी लावला. "दिवेलागणीला उठायचं," हे कुणी सांगितलं होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. दार वाजवावं का, हे अ.ने डोळ्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

मघाशी आतून एकदा बारीक घंटा वाजली. कडी काढल्याचा आवाज अजून नाही.